मेढ, बांध आणि मालकी

कोकणी मुसलमानांचा इतिहास सांगायला बसलेला माणूस बहुधा जहाजापासून सुरुवात करतो. अरब व्यापारी आले, घोडे आले, खजूर आले, चौल, दाभोळ, कल्याण ही बंदरे गजबजली, आणि त्यातून आपण झालो. यात खोटे काही नाही. बगदादचा अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, सैमूरला आला होता. हे सैमूर म्हणजे आपले चौल असे अभ्यासक मानतात. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याची नोंद त्याने केली आहे. आपल्या स्मरणिकांतून, जमातीच्या वार्षिकांतून ही नोंद पुनःपुन्हा छापली जाते, आणि ते योग्यच आहे. पण एक प्रश्न राहून जातो. हे दहा हजार लोक आणि त्यांचे शेजारी खात काय होते? जहाजावर भात पिकत नाही. चौलच्या ईशान्येला, अलिबाग आणि पेण यांच्यामध्ये धरमतर खाडीकडे पसरलेला जो सखल मुलूख आहे, त्याला खारेपाट म्हणतात. तिथे भात पिकतो तो समुद्राला अडवून. त्या अडवण्याचा इतिहास लिहिण्याइतका चकचकीत कोणाला वाटला नाही. चिखलाचा इतिहास कोण लिहितो?

ओल्या, दलदलीच्या जमिनीला कुंपण कसे घालायचे, हा वरवर पाहता शेतकऱ्याचा किरकोळ प्रश्न आहे. पण त्यात शिरले की मालकी, मजुरी, सत्ता, शरियत आणि सरकारी कायदा, सगळेच त्या चिखलात पाय रोवून उभे असलेले दिसते.

आधी कुंपणच पाहू. कोकणात कुंपणाला वई म्हणतात. वरकस जमिनीवर वई घालणे सोपे. मेढी पुरल्या, काटेरी शिरी बांधल्या, किंवा मोगली एरंडाच्या फांद्या रोवल्या की दोन पावसाळ्यांत जिवंत वई उभी राहते. खारपट्ट्यात यातले काहीच चालत नाही. मोगली एरंडाचे मूळ साचलेल्या पाण्यात कुजते. मेढ रोवायला जावे तर हाताच्या जोराने कोपरभर सहज आत जाते आणि तितक्याच सहज कलते. गाळाला पकड नसते. मेढ खोल ठोकली तरी ती कुजते, आणि तीही तळाशी नव्हे. तळ सदा चिखलात असतो, तिथे हवा नाही, म्हणून लाकूड टिकते. शेंडा वाऱ्यावर सुकतो, तोही टिकतो. कुजतो तो मधला पट्टा, जिथे लाकूड दिवसातून दोनदा भिजते आणि दोनदा वाळते. तार ओढावी तर खारी हवा ती गंजवून टाकते. म्हणून किनाऱ्यावरचे जाणते लोक भेंडीच्या मेढी पसंत करतात. भाजीची भेंडी नव्हे, पिवळ्या फुलांचे भेंडीचे झाड. त्याची ओली मेढ खाऱ्या ओलीतही फुटते, मूळ धरते, आणि मग कुंपण स्वतःच स्वतःला धरून ठेवते. ओढ्याकाठी, जिथे पाणी गोडे आहे, तिथे निगडी हेच काम करते.

पण खारेपाटात मेढीचे कुंपण कितीही मजबूत केले तरी त्याला अर्थ नाही, कारण तिथे शेतात शिरणारे जनावर चार पायांचे नाही. भरतीचे पाणी मेढींच्या मधून येते. त्याला अडवायचे तर कुंपणच मातीचे करावे लागते. यालाच बांध म्हणायचे, आणि बांधाने राखलेल्या जमिनीला खार. मुंबईच्या खार उपनगराच्या नावातला खार याच मिठागराच्या, खाऱ्या जमिनीच्या कुळातला.

बांध घालण्याची रीत शतकानुशतके फारशी बदललेली नव्हती. पावसाळा संपला, भात घरात आले, की काम सुरू होई. बांधाची रेघ आधी ठरवायची. जिथे बांध बसणार तिथले गवत, मुळे खरवडून काढायची, नाहीतर त्याच थरातून पाणी पाझरते. मग खाडीकडच्या गाळाच्या ढेपा काढून हातोहात पुढे द्यायच्या आणि पायाने तुडवून एकावर एक बसवायच्या. माती बांधाच्या पायथ्याशी खणायची नाही, कारण तसे केले की बांध आपल्याच खड्ड्यात घसरतो. बांध आज छातीइतका असला तर वर्षाने कमरेइतका होतो, कारण खालचा गाळ दबतो. म्हणून दरवर्षी भर घालायची. ज्या बाजूला लाटांचा मारा आहे तिथे दगड लावायचे. सर्वांत अवघड काम असते शेवटची फट बुजवण्याचे. बांध दोन्ही टोकांकडून जवळ येत गेला की उरलेल्या वाटेने पाणी इतक्या जोरात घुसते की टाकलेली माती टिकत नाही. त्यासाठी भांगाचे दिवस निवडतात, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, जेव्हा भरती सर्वांत कमी चढते. ओहोटी लागली की सगळे गाव चिखलात उतरते आणि पाणी परत चढायच्या आत फट बुजवून मोकळे होते. उधाणाच्या दिवसांत हे काम कोणी काढत नाही.

बांध नुसता अडवणारा असून भागत नाही. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो बांधाच्या आत साचला तर शेत गोड्या पाण्यात बुडेल. म्हणून बांधात उघाडी ठेवतात. उघाडी म्हणजे वरून बिजागरीने टांगलेले लाकडी दार, बाहेरच्या बाजूला उघडणारे. ओहोटीला आतले पाणी त्याला ढकलते, दार उघडते, पाणी वाहून जाते. भरतीला बाहेरचे पाणी त्याला दाबते, दार मिटते. माणूस नको, कुलूप नको. गोव्यात खाजन शेतीत हीच युक्ती मानस या नावाने आहे. तिथे मानशीच्या तोंडाशी सापडणाऱ्या मासळीचा लिलाव होतो, आणि त्या पैशाच्या मोहाने पाणी गरजेपेक्षा जास्त आत घेतले जाते, ही तक्रारही तिथे जुनी आहे.

बांध झाला म्हणून त्याच वर्षी भात येत नाही. जमिनीतले मीठ आधी जायला हवे. ते काम पाऊस करतो. दोन-तीन पावसाळे जमीन धुतली जाते, मग हळूहळू पीक धरते. या जमिनीत नांगर घालण्याचीही रीत नव्हती. बी भिजवून, मोड आणून, मऊ चिखलावर फेकायचे. भात लाल दाण्याचे. काळा राता, बुरा राता ही नावे खारेपाटातल्या जुन्या माणसांच्या तोंडात आहेत. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने याच जातींतून निवड करून सुधारित वाण काढले.

आणि मग राखण. बांधाचा खरा शत्रू वादळ नाही, खेकडा आहे. खेकड्याचे बीळ, घुशीचे बीळ, त्यातून एक धार, धारेचा पाट, आणि एका उधाणाला बांधाला खांड. खांड पडली त्याच आठवड्यात बुजवली तर चार घरांचे काम. सोडली तर सगळ्या खाराचे नुकसान, आणि जमिनीत शिरलेले मीठ काढायला पुन्हा दोन-तीन पावसाळे. म्हणून हे कुंपण एकट्याचे असूच शकत नाही. माझ्या शेतापुढचा बांध मी राखला आणि शेजाऱ्याने त्याच्यापुढचा सोडला, तर पाणी शेजाऱ्याकडून शिरून माझ्याकडे येते. सर्व्हे नंबर वेगवेगळे असतात, पाण्याला ते माहीत नसतात.

आता जरा लांब जाऊ. मसूदी ज्या इराकातून चौलला आला, त्या इराकच्या दक्षिणेला फुरात आणि दजला यांच्या पाण्याने भरलेला मोठा दलदलीचा प्रदेश आहे, अल-बतीहा. इथेही शेती बांधावरच उभी होती. बलाजुरी हा नवव्या शतकातला इतिहासकार या बांधांची कथा सांगतो. रसूलुल्लाह (स.) यांनी अब्दुल्लाह बिन हुजाफा यांना इराणच्या किस्राकडे पत्र देऊन पाठवले त्याच सुमारास, हिजरी ६-७ मध्ये, दोन्ही नद्यांना कधी नव्हे असा पूर आला आणि बांध फुटले. खुस्रौ परवेझने पैशाच्या राशी ओतल्या, आणि एका खांडीवर एकाच दिवसात चाळीस बांधकऱ्यांना सुळावर चढवले. पाणी तरीही हटले नाही. खांड पडल्यावर मजुराला फासावर देण्याची ही राजेशाही तऱ्हा वाचताना, आजही बांध फुटला की ठपका शेवटी कोणावर येतो, हे आठवल्याशिवाय राहत नाही.

पुढे उमय्या काळात हज्जाज इराकचा सुभेदार असताना पुन्हा बांध फुटले. बलाजुरीच्या म्हणण्याप्रमाणे हज्जाजने ते मुद्दाम दुरुस्त केले नाहीत, कारण तिथले जमीनदार बंडखोर इब्न अल-अशअसच्या बाजूचे असल्याचा त्याला संशय होता. शत्रूच्या शेतात पाणी सोडायला सैन्य लागत नाही, फक्त बांधाकडे काणाडोळा केला की पुरते. नंतर दुरुस्तीला ३० लाख दिरहम लागतील असा अंदाज आला. खलीफा वलीदला ती रक्कम फार वाटली. तेव्हा त्याचा भाऊ मस्लमा पुढे आला. खर्च मी करतो, पण पैसा संपल्यावर ज्या सखल जमिनींवर पाणी उरेल त्या मला द्या. वलीदने मान्य केले. मस्लमाने कालवे खणले, कुळे आणून बसवली, आणि आसपासच्या लोकांनी संरक्षणासाठी आपल्याही जमिनी त्याच्या नावावर केल्या. अब्बासी आले तेव्हा हे सगळे जप्त झाले. बांध ज्याच्या पैशाने, जमीन त्याची, हा हिशेब इथे स्पष्ट दिसतो. चिखलात उभे राहिलेल्यांची नावे बलाजुरीकडेही नाहीत.

बसऱ्याची दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. तिथल्या जमिनीवर मिठाचा थर जमलेला असे. आपल्याकडे तो पाऊस फुकट धुऊन नेतो. बसऱ्याला पाऊस नाही. म्हणून तो थर माणसांकडून खरवडून काढला जाई, आणि ती माणसे पूर्व आफ्रिकेतून आणलेली गुलाम होती, ज्यांना अरब झंज म्हणत. टोळ्याटोळ्यांनी त्यांना राबवले जाई. इ.स. ८६९ मध्ये अली बिन मुहम्मद नावाच्या माणसाच्या नेतृत्वाखाली ते उठले. ८७१ मध्ये त्यांनी बसरा लुटले, दलदलीत अल-मुख्तारा नावाची राजधानी वसवली, आणि ८८३ पर्यंत, म्हणजे चौदा वर्षे, अब्बासी खिलाफतीला दाद दिली नाही. तबरीने या युद्धाचा वृत्तांत सविस्तर लिहिला, पण तो विजेत्यांच्या बाजूने. बंडवाल्यांच्या पुढाऱ्यासाठी त्याच्याकडे शिव्याच आहेत. या बंडात क्रौर्य होते, यात शंका नाही. पण आपल्या धार्मिक मासिकांतून सुवर्णयुगाचे जे लेख येतात, त्यात बगदादच्या ग्रंथालयांना पाने मिळतात आणि बसऱ्याच्या मिठाला ओळसुद्धा मिळत नाही, हे मला खटकते.

या सगळ्यात फुकहांनी काय म्हटले? हे पाहणे मला सर्वांत उद्बोधक वाटले. कोणाची मालकी नसलेली पडीक जमीन म्हणजे मवात, मृत जमीन. ती जो आबाद करील ती त्याची, हे तत्त्व हदीसवर आधारलेले. इमाम अबू हनीफा यांनी त्याला सत्ताधीशाच्या परवानगीची अट घातली. त्यांच्या दोन्ही शागिर्दांनी, अबू युसुफ आणि मुहम्मद शैबानी यांनी, ती मानली नाही. इमाम शाफई यांच्या मतेही परवानगी लागत नाही, आणि कोकणी मुसलमान शाफई आहेत. हारून रशीदसाठी लिहिलेल्या ‘किताब अल-खराज’ मध्ये अबू युसुफ दलदलीचा थेट विचार करतात. कोणाची मालकी नसलेल्या झाडीतून, पाण्यातून माणसाने जमीन बाहेर काढली आणि आबाद केली, तर ती मवातप्रमाणेच त्याची. मात्र त्याने दुसऱ्याचे नुकसान होता कामा नये.

आणि कुंपण? इथे फिकहचा बारकावा पाहण्यासारखा आहे. नुसती हद्द आखणे, दगड मांडणे, मेढी रोवणे, याला तहजीर म्हणतात. तहजीरने मालकी येत नाही. फक्त अग्रहक्क येतो. हजरत उमर यांचा निर्णय असा की कुंपण घालून तीन वर्षे जमीन तशीच ठेवली, तर हक्क संपला. इमाम नववी (मृत्यू १२७७) यांचा ‘मिन्हाज’ हा शाफई फिकहचा प्रमाणग्रंथ. त्यात लाकडे रोवणाऱ्याला अग्रहक्कच दिला आहे, आणि त्याने फार वेळ लावला तर सुलतान त्याला सांगेल की आबाद कर नाहीतर सोड. शेत आबाद झाले असे कधी म्हणायचे? तर सभोवती माती रचली, जमीन सपाट केली आणि पाण्याची व्यवस्था केली की. मेढीने हक्क मागता येतो, मातीच्या बांधाने तो सिद्ध होतो. सीरियात बसून लिहिणाऱ्या नववींच्या डोळ्यांसमोर खारेपाट नव्हता, पण त्यांची व्याख्या तिथे नेमकी लागू पडते.

एक गोष्ट मात्र फुकहांनी सोडून दिली. माती रचली ती कोणाच्या हाताने? मजूर लावून आबाद केली तर जमीन मजूर लावणाऱ्याची. गुलामाने केली तर मालकाची. बसऱ्याच्या झंजांना या न्यायाने मुठीएवढीही जमीन मिळाली नसती. ज्या परंपरेने नुसते कुंपण पुरे नाही, श्रम हवेत, इतके सूक्ष्म ओळखले, तिने श्रम करणाऱ्याच्या दारापर्यंत जाऊन पाऊल मागे घेतले.

कोकणातही वेगळे घडले नाही. कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री नावाची जमीनधारणेची पद्धत होती. ज्यांनी खाराचे बांध घातले ते शिलोत्रीदार. बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी त्यांची, आणि त्याबद्दल प्रत्येक कुळाकडून बिघ्यामागे मणभर भात. मूळ हिशेब रास्त होता. काळ गेला तसा मण वसूल होत राहिला आणि बांधाकडे लक्ष कमी होत गेले. इंग्रजांनीही खाडीची जमीन देताना मुदतीत बांध घालण्याची अट आणि आरंभीच्या काळात साऱ्याची सवलत असे नियम केले. म्हणजे तहजीरचाच हिशेब, फक्त स्टॅम्प पेपरवर. कोणी ना कोणी भांडवल असलेला पट्टा घेई आणि बांध मात्र आगरी, कोळी, कुणबी, महार आणि गरीब मुसलमान यांच्या पाठीवर उभा राही.

खोती हा याच साखळीतला पुढचा दुवा. कोकणातले खोत ब्राह्मण होते, मराठा होते, आणि मुसलमानही होते. आपल्यात खोत हे आडनाव आहे, ते मिरवलेही जाते. त्याच गावांत मुसलमान कुळेही होती, त्यांचे आडनाव कोणी मिरवत नाही. १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. खोतांची जमीन कसायची नाही, एवढेच त्यांनी ठरवले. जमिनी ओस पडल्या. लोकांनी लाकूडफाटा तोडून, खाडीत खेकडे-मासे पकडून दिवस काढले. तो संप सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९३९ मध्ये संप मिटला, त्याच वर्षी इलाख्याचा पहिला कूळकायदा झाला. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. आपल्या जमातीच्या इतिहासलेखनात चरीचा संप मला सापडलेला नाही. तो आगऱ्यांचा म्हणून बाजूला ठेवला जातो. पण कूळकायद्याने ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांत आपले खोत होते, आणि ज्यांना मिळाल्या त्यांत आपली कुळे होती. एकाच मशिदीत एकाच सफेत उभ्या राहणाऱ्या दोन घरांनी १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन दोन तऱ्हांनी अनुभवला. तो हिशेब आपण अजून मोकळेपणाने मांडलेला नाही.

जमीन कुळाची झाली, पण बांध कोणाचा? मस्लमा गेला, शिलोत्रीदार गेला, खोत गेला, सरकार उरले. १९४८ मध्ये मुंबई खारजमीन कायदा आला, १९७९ मध्ये महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम. मोठे बांध आणि उघाड्या सरकारी योजनेत गेल्या. सिमेंटचे पाईप आले, लोखंडी दारे आली, ठेकेदार आले. भांगाच्या दिवसांत गाव चिखलात उतरायचे बंद झाले. मी याला केवळ ऱ्हास म्हणणार नाही. त्या चिखलातल्या श्रमात वेठही होती, आणि कोणाच्या पोरानातवांनी ते करत राहावे असे म्हणण्याचा अधिकार शहरात बसलेल्या माणसाला नाही. मुंबईची आणि आखाताची वाट धरलेल्या घरात ढेप उचलायला माणूसही उरला नव्हता. पण खेकड्याचे बीळ त्याच दिवशी बुजवायचे असते, आणि निविदेला महिने लागतात. गोव्यात १९६४ च्या कूळकायद्यानंतर बांध गावकरीकडून कुळांच्या संघांकडे गेले, तिथेही हेच झाले.

खांड तशीच राहिली की पाणी आत येते, पाण्याबरोबर तिवरांचे बी येते. चिखल, खारे पाणी, भरती-ओहोटी, तिवराला आणखी काय हवे? काही वर्षांत शेताचे रान होते. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यावर बंदी घातली, आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती पक्की केली. किनारा राखायला हे आवश्यक होते. लाटांचा मारा अडवायला तिवरांसारखे कुंपण माणसाने अजून बांधलेले नाही, आणि बिल्डरांच्या भरावापुढे दुसरा उपायही नव्हता. पण ज्याच्या शेतात बांध फुटल्यामुळे तिवरे आली, त्याचे काय? ती तोडली तर गुन्हा. न तोडता बांध घालता येत नाही, बांध नाही तर शेत नाही. सातबाऱ्यावर नाव त्याचेच, पीकपाहणीच्या रकान्यात पड. हजरत उमर यांची तीन वर्षांची मुदत त्याला लावायची तर दोष कोणाचा धरायचा, फुकहांनी याचे उत्तर लिहून ठेवलेले नाही. पेण-अलिबागच्या खारेपाटात अशा जमिनींचे तुकडे आज उभे आहेत, त्यांच्या जुन्या बांधांचे कणे ओहोटीला तिवरांच्या मुळांतून दिसतात आणि भरतीला पाण्याखाली जातात.